सोन्याची कॅप ते झिरकोनिया : धातूचा भाव आणि लॅबची निवड

किडलेला, तुटलेला किंवा रूट कॅनॉल केलेला दात चावण्याचा भार पुन्हा पेलू शकावा म्हणून त्याच्या उरलेल्या भागावर जे घट्ट आवरण चढवले जाते, त्याला दंतवैद्यकात क्राउन आणि रोजच्या बोलण्यात कॅप म्हणतात. ही कॅप सहसा दंतवैद्य स्वतः घडवत नाही. तो दात चहूबाजूंनी घासून लहान करतो, त्याचे माप घेतो आणि ते डेंटल लॅबकडे पाठवतो, व तिथला टेक्निशियन त्या मापाबरहुकूम कॅप तयार करतो. कॅप कशाची करायची हे दंतवैद्य आणि रुग्ण मिळून ठरवतात असे मानले जात असले, तरी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांकडे पाहिल्यास हा निर्णय अनेकदा धातूंच्या बाजारानेच घेतलेला दिसतो. भाव चढला की लॅबने धातू बदलला, आणि धातूवर वाचलेली रक्कम दर वेळी दुसऱ्या कुठल्या तरी खात्यावर खर्ची पडली. ते खाते कधी भट्टीचे होते, कधी मजुरीचे, कधी टेक्निशियनच्या फुफ्फुसांचे, तर कधी रुग्णाच्या दाताचे.

आधुनिक कॅपची सुरुवात सोन्यापासून होते. मेणाचा नमुना करून त्याभोवती साचा बांधायचा, मेण जाळून टाकायचे आणि उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा, ही मूर्तिकारांना प्राचीन काळापासून अवगत असलेली पद्धत शिकागोच्या विल्यम टॅगार्ट या दंतवैद्याने १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या दंतवैद्यांसमोर मांडली आणि ती जगभर रुजली. या पद्धतीतील मुख्य अडचण अशी की ओतलेला धातू थिजताना आकसतो, आणि दातावरची कॅप केसभर जरी लहान झाली तरी ती खाली बसत नाही. सोन्याच्या मिश्रधातूंचे हे आकुंचन सुमारे दीड टक्का असते. साच्यासाठी वापरले जाणारे जिप्समयुक्त मिश्रण थिजताना आणि तापताना जवळजवळ तेवढेच फुगते, त्यामुळे दोन्ही चुका परस्परांना खोडून काढतात आणि कॅप दातावर नेमकी बसते. सोने मुखातील लाळेत गंजत नाही, समोरच्या दाताच्या एनॅमलपेक्षा मऊ असल्याने त्याला झिजवत नाही, आणि कॅपची कड दातावर हलकेच दाबून बसवता येईल इतके ते लवचिक असते. अर्थात शुद्ध सोने चावण्याच्या दाबाखाली टिकणार नाही, म्हणून पूर्ण कॅपसाठी साधारण ७५ टक्के सोने आणि उरलेला भाग चांदी, तांबे व थोडे पॅलेडियम असा मिश्रधातू प्रचारात आला. सराफाच्या भाषेत तो १८ कॅरटचा होतो. दात घासण्याच्या दृष्टीनेही हा धातू उदार आहे, कारण कडेला अर्धा मिलिमीटर आणि चावण्याच्या पृष्ठभागावर एक ते दीड मिलिमीटर एवढीच जागा त्याला पुरते. केवळ गुणांवर निवड करायची झाली तर दाढेसाठी सोन्याइतका निर्धोक पदार्थ अजूनही सापडलेला नाही, असे म्हणण्यास हरकत नाही.

सोन्याचे हे साम्राज्य टिकले ते भाव बांधलेला होता म्हणून. अमेरिकेत १९३४ पासून सोन्याचा सरकारी दर ३१.१ ग्रॅमच्या ट्रॉय औंसाला ३५ डॉलर असा ठरलेला होता. १५ ऑगस्ट १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले, पाठोपाठ भाव मोकळा झाला आणि जानेवारी १९८० मध्ये तो ८५० डॉलरवर पोचला. लॅबच्या टेबलावर याचा अर्थ काय होतो ते आकड्यांत पाहणे उपयोगी ठरेल. एका दाढेच्या पूर्ण धातूच्या कॅपला ०.२ घन सेंटिमीटर धातू लागतो असे धरले, तर वर सांगितलेल्या मिश्रधातूची घनता सुमारे १५.५ असल्याने त्याचे वजन तीन ग्रॅमच्या आसपास भरते आणि त्यात सव्वादोन ग्रॅमहून थोडे अधिक शुद्ध सोने असते. ३५ डॉलरच्या दराने या सोन्याची किंमत अडीच डॉलरच्या घरात होती; ८५० च्या दराने ती साठ डॉलरच्या वर गेली; आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सोन्याने ४,००० डॉलरची पातळी ओलांडली तेव्हा तेवढेच सोने तीनशे डॉलरच्या जवळ पोचले. शिवाय ओतकामात केवळ कॅपपुरता धातू वितळवून चालत नाही. पोकळीकडे जाणारी वाट आणि तिच्या तोंडाशी उरणारा गोळा, ज्याला लॅबमध्ये बटन म्हणतात, यांसाठी जादा धातू हाताशी ठेवावा लागतो. हे बटन नव्या धातूत मिसळून पुन्हा वापरता येते, परंतु जुन्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक होऊ न देण्याचा दंडक आहे, म्हणजे भाव वाढला की लॅबचे भांडवलही त्या गोळ्यांत अडकून पडते.

या हिशेबात घनता हा घटक दिसतो तितका दुय्यम नाही. लॅब धातू वजनावर विकत घेते, परंतु दाताच्या आवरणाला लागते ते आकारमान. सोन्याऐवजी पुढे वापरात आलेल्या पदार्थांपैकी निकेल-क्रोमियमची घनता आठच्या थोडी वर असल्याने वरील आकारमानाची कॅप सुमारे १.७ ग्रॅममध्ये होते, पॅलेडियम-चांदीची सव्वादोन ग्रॅमच्या आसपास भरते, आणि झिरकोनियाची केवळ १.२ ग्रॅमची. त्यामुळे दोन मिश्रधातूंचे ग्रॅमचे भाव शेजारी ठेवून तुलना करणारा लॅबमालक हलक्या धातूचा फायदा प्रत्यक्षापेक्षा कमी धरतो.

सोन्याचा भाव चढत असतानाच दंतवैद्यकात आणखी एक बदल स्थिरावत होता. अमेरिकेत १९६२ मध्ये मिळालेल्या वाइनस्टीन आणि सहकाऱ्यांच्या पेटंटांमुळे धातूच्या पातळ टोपीवर, म्हणजे कोपिंगवर, दातासारख्या रंगाची पोर्सिलेन भाजून चढवणे शक्य झाले. महाराष्ट्रातील दवाखान्यांत ‘सिरॅमिक कॅप’ या नावाने जी ओळखली जाते ती बहुधा हीच. पोर्सिलेन दाब सहन करते, ताण करत नाही. म्हणून थंड होताना धातू पोर्सिलेनपेक्षा किंचित अधिक आकसला पाहिजे, म्हणजे पोर्सिलेन कायम हलक्या दाबाखाली राहते आणि तडकत नाही. त्याशिवाय पोर्सिलेन ज्या तापमानाला भाजली जाते, साधारण ९०० ते ९५० अंश सेल्सिअस, त्याला धातू वितळता किंवा वाकता कामा नये, आणि त्याच्या पृष्ठभागावर पोर्सिलेनला पकड देणारा ऑक्साइडचा बेताचा थर तयार झाला पाहिजे. या अटी पुऱ्या करणारे पहिले मिश्रधातू सोने, प्लॅटिनम आणि पॅलेडियम यांचे, म्हणजे सर्वांत महागडे होते. भाववाढीचा फटका म्हणूनच नव्या पद्धतीला अधिक बसला.

लॅबने प्रथम आधार घेतला तो पॅलेडियम आणि चांदीचा. निम्म्याच्या आसपास किंवा अधिक पॅलेडियम आणि बरीचशी चांदी असलेले हे मिश्रधातू स्वस्त होते, ताठ होते, फक्त चांदीची वाफ काही पोर्सिलेनांत शिरून त्यांना हिरवट छटा देई आणि पुढच्या दाताची कॅप त्यामुळे वाया जाई. बाजारात नावे इतकी वाढली की अमेरिकन डेंटल असोसिएशनने १९८४ मध्ये वर्गवारी ठरवून दिली. सोने, प्लॅटिनम, पॅलेडियम आणि प्लॅटिनम गटातील इतर धातू हे मुखात न गंजणारे, म्हणून उच्च धातू मानले गेले. चांदी तिथे काळवंडते म्हणून ती यातून वगळली गेली. या धातूंचे एकत्रित प्रमाण वजनाने किमान ६० टक्के आणि त्यात सोने किमान ४० टक्के असेल तर पहिला वर्ग, किमान २५ टक्के असेल तर दुसरा, आणि त्याहून कमी असेल तर तिसरा, म्हणजे सामान्य धातूंचा वर्ग. ही वर्गवारी किंमत आणि गंजरोध यांबद्दल पुष्कळ सांगते, मात्र कॅप किती टिकेल याबद्दल फारच थोडे सांगते.

भारतातील बहुसंख्य धातूच्या कॅप ज्या वर्गात मोडतात तो हा तिसरा वर्ग, आणि त्यातही निकेल-क्रोमियम. साठ-सत्तर टक्के निकेल आणि गंज रोखण्यापुरते क्रोमियम, असे त्याचे स्थूल स्वरूप असते. त्याचा ताठपणा सोन्याच्या मिश्रधातूच्या जवळजवळ दुप्पट असल्याने कोपिंग अधिक पातळ करता येते आणि लांब ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर आधारलेली सलग कृत्रिम दातांची रांग, कमी वाकतो. परंतु त्याचे आकुंचन सोन्याच्या दीड टक्क्याऐवजी सव्वादोन टक्क्यांच्या वर असते आणि वितळण्याचे तापमान १,२५० अंशांच्या पुढे, त्यामुळे जिप्समचा साचा चालत नाही; फॉस्फेटयुक्त साचा, अधिक तापणारी भट्टी आणि अधिक काटेकोर हात लागतो. ओतून झालेला धातू कठीण असल्याने घासायला, चकाकी द्यायला वेळ लागतो, आणि ऑक्साइडचा थर जाड झाला तर पोर्सिलेन त्या थरासकट निघून येते. धातूचे बिल उतरले, तसे मजुरी आणि पुन्हा करून द्याव्या लागणाऱ्या कॅपचे प्रमाण वाढले.

याहून गंभीर खर्च हिशेबाच्या वहीत येतच नव्हता. निकेल-क्रोमियम साच्यात नीट वाहावे म्हणून काही उत्पादक त्यात बेरिलियम घालत. वजनाने ते दोन टक्क्यांपेक्षा कमी असे, पण बेरिलियमचा अणू इतका हलका आहे की अणूंच्या संख्येने पाहिल्यास हेच प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत जाते. कॅप घासताना उडणारी ही धूळ श्वासातून गेल्यास फुफ्फुसांचा चिवट, कधी प्राणघातक आजार होऊ शकतो, आणि तो रुग्णाला नव्हे तर टेक्निशियनला होतो. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दंतधातूंत बेरिलियम ०.०२ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही, आणि निकेल ०.१ टक्क्याहून अधिक असेल तर ते वेष्टनावर जाहीर करावे लागते. निकेलची अडचण रुग्णाच्या बाजूची आहे: त्याची ॲलर्जी स्त्रियांत अधिक आढळते, आणि खोट्या दागिन्यांनी ज्यांचे कान किंवा गळा खाजतो, त्यांना बहुधा निकेलच सोसत नसते. अशा रुग्णासाठी कोबाल्ट-क्रोमियम हा पर्याय आहे, मात्र त्याचीही धूळ निरुपद्रवी नाही, आणि लॅबमध्ये धूळ ओढून घेणारे यंत्र नसेल तर कुठलाही धातू स्वस्त म्हणता येत नाही.

एका धातूपासून पळून दुसऱ्याकडे जाण्यात काय धोका असतो, ते पॅलेडियमने दाखवून दिले. जगातील बहुतांश पॅलेडियम रशिया आणि दक्षिण आफ्रिकेतून येते आणि त्याचा मुख्य ग्राहक आहे वाहनउद्योग, कारण पेट्रोल गाड्यांच्या धुरातील विषारी वायू निवळण्यासाठी ते लागते. दंतवैद्यक या बाजारातले लहान गिऱ्हाईक. रशियाचा पुरवठा बेभरवशाचा झाला आणि वाहननिर्मात्यांनी साठे करायला सुरुवात केली, तेव्हा जानेवारी २००१ मध्ये पॅलेडियम औंसाला १,००० डॉलरच्या वर गेले, त्या वेळी सोने ३०० डॉलरच्याही खाली होते. सोने महाग म्हणून पॅलेडियमकडे वळलेल्या लॅब आता सोन्याच्या तिपटीहून अधिक भावाने पॅलेडियम घेत होत्या. पुढे भाव कोसळला, तेव्हा चढ्या दराने साठा करून बसलेल्या फोर्ड कंपनीलाच सुमारे एक अब्ज डॉलर बुडीत खाती टाकावे लागले. एवढ्या मोठ्या कंपनीचा अंदाज चुकतो तिथे चार टेबलांच्या लॅबने धातूचा साठा करून नफा मिळवण्याच्या फंदात न पडणे बरे.

या चढउताराची सर्वांत स्पष्ट नोंद जपानमध्ये सापडते. तिथल्या सार्वजनिक आरोग्यविम्यात दाढांच्या कॅपसाठी १२ टक्के सोने, २० टक्के पॅलेडियम आणि उरलेली मुख्यतः चांदी व तांबे असा ठरीव मिश्रधातू दशकानुदशके वापरला जात आला, आणि त्याचा परतावा सरकार ठरवते. बाजारभाव परताव्याच्या वर गेला की प्रत्येक कॅपमागे दवाखान्याला पदरमोड करावी लागते. मार्च २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर, पॅलेडियम ३,००० डॉलरच्या पुढे गेले, तेव्हा ही तूट इतकी वाढली की सरकारला मे महिन्यात नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर दर सुधारून द्यावा लागला. दुसरीकडे याच विम्यात २०१४ पासून संगणकावर आखून यंत्रावर कोरलेल्या कॅपना, ज्यांना कॅड-कॅम कॅप म्हणतात, उपदाढांसाठी मान्यता मिळाली होती, आणि ती टप्प्याटप्प्याने दाढा व पुढच्या दातांपर्यंत वाढवण्यात आली. या कॅप सिरॅमिकचे बारीक कण भरलेल्या रेझिनच्या असतात, म्हणजे धातूच्या बाजाराशी त्यांचा संबंध उरत नाही. परंतु त्या दातावरून सुटून येण्याची तक्रार धातूच्या कॅपपेक्षा अधिक ऐकू येते आणि चिकटवण्याचे काम दंतवैद्याला फार निगुतीने करावे लागते.

त्याच मार्च २०२२ मध्ये लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेल टनाला १,००,००० डॉलरच्या वर गेले आणि व्यवहार थांबवून त्या दिवसाचे सौदे रद्द करावे लागले. या बातमीचा आधार घेऊन एखाद्या लॅबने कॅपचे दर वाढवले असते, तर ते कितपत रास्त ठरले असते? १.७ ग्रॅमच्या निकेल-क्रोमियम कॅपमध्ये जेमतेम सव्वा ग्रॅम निकेल असते, आणि त्या अभूतपूर्व दरानेही त्याची किंमत बारा अमेरिकी सेंट, म्हणजे तेव्हाच्या विनिमयदराने नऊ-दहा रुपये होते. सामान्य धातूच्या कॅपची किंमत धातूची नसतेच. ती मिश्रधातू शुद्ध करून त्याच्या वड्या पाडण्याची, साच्याच्या सामग्रीची, पोर्सिलेनची, विजेची आणि टेक्निशियनच्या तासांची असते. सोन्याच्या कॅपची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे, आणि ‘मेटलचे भाव वाढलेत’ हे वाक्य दोन्ही कॅपना सारखेच लावणे चूक आहे.

धातूला पूर्ण फाटा देणारा झिरकोनिया हा झिरकोनियम या मूलद्रव्याचा ऑक्साइड आहे. शुद्ध झिरकोनिया तापवून थंड केला तर त्याच्या स्फटिकांची रचना बदलून ते चार-पाच टक्क्यांनी फुगतात आणि सबंध तुकडा तडकतो. परंतु त्यात थोडा इट्रियमचा ऑक्साइड, म्हणजे इट्रिया, मिसळला तर तापलेल्या अवस्थेतील रचना सामान्य तापमानालाही अडकून राहते. तडा जाऊ लागला की केवळ त्याच्या टोकाशी असलेले स्फटिक आपली रचना बदलतात, फुगतात आणि तडा दाबून धरतात. गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९७५ मध्ये वर्णिलेल्या या गुणामुळे काचेच्या जातीचा वाटणारा हा पदार्थ दाढेचा भार पेलू शकतो. लॅबमध्ये तो खडूसारख्या अर्धवट भाजलेल्या चकतीच्या रूपात येतो. यंत्र त्यातून मापापेक्षा मोठी कॅप कोरते आणि साधारण १,५०० अंशांच्या भट्टीत ती सुमारे वीस टक्के आकसून योग्य मापाला येते. इथे कच्चा माल किरकोळ आणि यंत्रसामग्री अवजड, म्हणजे खर्च ग्रॅमवर न राहता स्कॅनर, मिलिंग यंत्र आणि भट्टी यांच्या हप्त्यांवर जातो, आणि हप्ता दिवसाला किती कॅप निघतात त्यावर परवडतो. त्यामुळेच अनेक लहान लॅब स्वतः यंत्र न घेता माप मोठ्या मिलिंग केंद्राला पाठवतात.

‘झिरकोनिया’ या एका नावाखाली विकले जाणारे सर्व पदार्थ सारखे नाहीत. तीन टक्के, म्हणजे रेणूंच्या संख्येत शंभरात तीन, इट्रिया असलेला प्रकार हजार मेगापास्कलच्या आसपास वाकवणारा भार सोसतो, पण पांढराफटक दिसतो. पाच टक्क्यांचा प्रकार प्रकाश अधिक आत जाऊ देतो आणि दातासारखा दिसतो, मात्र त्याची ताकद बरीच उतरते, कारण तडा दाबणारा गुणच त्यात मंदावतो. पहिला दाढेला शोभतो, दुसरा पुढच्या दाताला, आणि लांब ब्रिजसाठी दुसरा वापरणे ही चूकच ठरते. पूर्ण झिरकोनियाच्या कॅपला एक मिलिमीटर किंवा त्याहून थोडी कमी जागा पुरते, उलट पोर्सिलेन चढवलेल्या धातूच्या कॅपसाठी दीड ते दोन मिलिमीटर दात घासावा लागतो. इथे झिरकोनियाने सोन्याचा एक गुण परत आणला असे म्हणता येईल. दोष दोन: पृष्ठभाग खरखरीत राहिला तर समोरचा दात झिजतो, म्हणून चकाकी द्यायला पर्याय नाही, आणि कॅपखालच्या दाताला पुढे उपचार लागले तर ती कापून काढणे कष्टाचे असते. पुढच्या दातांसाठी लिथियम डायसिलिकेट ही काचेसारखी सिरॅमिक अधिक सुंदर दिसते आणि आम्लाने खरवडून दाताला घट्ट चिकटवता येते, पण तिची ताकद तीन टक्के इट्रियाच्या झिरकोनियाच्या निम्म्याहून कमी.

निवडीचा निकाल द्यायचा तर तो असा देता येईल. उंची कमी उरलेल्या दाढेला आणि रात्री दात खाणाऱ्या माणसाला पूर्ण धातूची किंवा पूर्ण झिरकोनियाची कॅप द्यावी, पोर्सिलेनचा थर चढवलेली नव्हे, कारण तुटतो तो थरच. पुढच्या दाताला सिरॅमिक, निकेल न सोसणाऱ्याला निकेलविरहित काहीही, आणि पैशांची ओढाताण असेल तर चांगल्या टेक्निशियनच्या हातची साधी निकेल-क्रोमियम कॅप ही घाईने कोरलेल्या झिरकोनियापेक्षा उजवी. झिरकोनियाबरोबर मिळणारे दहा-पंधरा वर्षांचे वॉरंटी कार्ड कॅपच्या पदार्थाबद्दल असते. कडेशी फट राहून आतला दात किडला तर ते कामी येत नाही.

कॅप बसवून घेणाऱ्याने दंतवैद्याकडे दोन गोष्टी मागाव्यात. कुठला मिश्रधातू किंवा कुठल्या प्रकारचा झिरकोनिया वापरला हे लिहिलेली लॅबची चिठ्ठी घेऊन ती औषधांच्या कागदांबरोबर जपून ठेवावी. आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडातील जुनी सोन्याची कॅप कधी काढावी लागली, तर ती परत मागून घ्यावी. १८ कॅरटचे तीन ग्रॅम सोने आजच्या भावाने नव्या झिरकोनिया कॅपचा खर्च भागवून उरते.